अकरा दिवस, अकरा हजार मैल

मोटारसायकलींची स्पर्धा म्हटली की वेग डोळ्यांसमोर येतो. वळणावर गुडघा जमिनीला टेकेल इतके झुकलेले स्वार, इंजिनांचा कर्कश आवाज आणि शेवटची रेषा सेकंदाच्या काही भागाने आधी ओलांडण्याची चढाओढ. परंतु मोटारसायकलींच्या खेळांत एक प्रकार असाही आहे, की ज्यात वेगाला एकही गुण मिळत नाही. त्याला मैदान नाही, प्रेक्षक नाहीत आणि रोख बक्षीसही नाही. सार्वजनिक रस्त्यांवरून दिवसामागून दिवस अंतर कापायचे आणि ठरलेल्या घटकेला ठरलेल्या ठिकाणी हजर व्हायचे, एवढेच त्याचे स्वरूप. लांब पल्ल्याच्या या 'एन्ड्युरन्स रॅली'त स्वाराची गाठ इतर स्पर्धकांपेक्षा स्वतःच्या थकव्याशीच अधिक पडते.

अमेरिकेतील 'आयर्न बट रॅली' ही या प्रकारातील सर्वांत मानाची स्पर्धा. नावाचा शब्दशः अर्थ थोडा ग्राम्य आहे. सभ्य मराठीत त्याला 'लोखंडी बैठक' म्हणता येईल. ११ दिवसांत सुमारे ११ हजार मैल, म्हणजेच १७ हजार ७०० किलोमीटर, हे तिचे ठोकळ परिमाण. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई यांना जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन महामार्गाची एकूण लांबी ५ हजार ८४६ किलोमीटर आहे. त्याला ११ दिवसांत तीन प्रदक्षिणा घालाव्यात, एवढे हे अंतर. रोजचे सरासरी १६०० किलोमीटर. चोवीस तासांनी भागले तर ताशी ६७ किलोमीटर. आकडा वरवर किरकोळ वाटतो. पण त्यात झोप, जेवण, पेट्रोल, पंक्चर, पाऊस आणि चुकलेली वळणे हे सारे धरलेले आहे.

शतकाची परंपरा

लांब अंतराचे हे वेड मोटारसायकलीइतकेच जुने आहे. १९१४ मध्ये अर्विन बेकर या स्वाराने 'इंडियन' या अमेरिकी बनावटीच्या मोटारसायकलीवरून सॅन डिएगो ते न्यू यॉर्क हा प्रवास साडेअकरा दिवसांत पूर्ण केला. पश्चिमेकडील बराचसा भाग तेव्हा रस्त्याविनाच होता. 'कॅननबॉल' हे टोपणनाव पुढे त्याला कायमचे चिकटले. १९१६ मध्ये ऑगस्टा आणि ॲडलिन व्हॅन ब्युरेन या दोघी बहिणींनी आपापल्या मोटारसायकलीवरून अमेरिका खंड ओलांडला. युद्धात निरोप्याचे काम स्त्रियाही करू शकतात, हे सिद्ध करणे हा त्यांचा हेतू होता. वाटेत पुरुषी पोशाख केल्याबद्दल त्यांना पोलिसांनी अडवले. आणि इतके करूनही लष्कराने ॲडलिनचा अर्ज नाकारलाच.

आयर्न बट रॅलीचा जन्म १९८४ चा. पेनसिल्व्हेनियातील मोटारसायकल विक्रेते माइक रोझ यांनी ती सुरू केली. पहिल्या वर्षी अवघे १० स्वार होते आणि मार्ग अमेरिकेच्या कडेकडेने जाणारा होता. पुढे माइक नीबोन यांच्या नेतृत्वाखाली 'आयर्न बट असोसिएशन' ही संघटना आकारास आली. १९९१ पासून ही स्पर्धा विषम वर्षांत, एक वर्षाआड, भरवण्याची प्रथा पडली. प्रवेशासाठी येणारे अर्ज उपलब्ध जागांपेक्षा नेहमीच जास्त असतात. प्रत्यक्षात सुमारे शंभर स्वारांनाच संधी मिळते.

नकाशावरचा डाव

या रॅलीत सर्वांसाठी एकच आखलेला मार्ग नसतो, हे तिचे वैशिष्ट्य. स्पर्धेच्या तोंडावर प्रत्येक स्वाराच्या हाती एक पुस्तिका पडते. तीत देशभर विखुरलेल्या ठिकाणांची यादी असते. एखादे दीपगृह, एखादा जुना पूल, कोणाची तरी समाधी, आडगावातला एखादा अवाढव्य पुतळा. प्रत्येक ठिकाणाला गुण ठरलेले असतात. काही ठिकाणे फक्त दिवसाउजेडी भेट दिली तरच ग्राह्य धरली जातात, तर काहींना वेळेची बंधने असतात. कोठे जायचे, कोणत्या क्रमाने जायचे आणि कोणते ठिकाण सोडून द्यायचे, हे स्वाराने स्वतः ठरवायचे. स्पर्धेचे दोन-तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी ठरलेल्या चेकपॉइंटवर पोहोचावेच लागते. उशीर झाल्यास मिनिटामिनिटाला गुण कापले जातात आणि मर्यादेबाहेर उशीर झाल्यास स्वार बाद ठरतो.

गणितात 'फिरत्या विक्रेत्याचे कोडे' प्रसिद्ध आहे. अनेक गावांना भेट देऊन कमीत कमी अंतरात घरी कसे परतायचे, हे ते कोडे. केवळ १० ठिकाणे घेतली तरी त्यांना भेट देण्याचे ३६ लाख २८ हजार ८०० क्रम संभवतात. रॅलीतील स्वारापुढे हेच कोडे आणखी अवघड होऊन येते, कारण त्याला क्रमाबरोबरच निवडही करायची असते आणि घड्याळ सतत चालू असते. जीपीएस आणि लॅपटॉप आल्यापासून आखणी सोपी झाली असली, तरी घाटात धुके असेल काय, मोठ्या शहरातून जाताना कार्यालये सुटण्याची वेळ गाठेल काय, याचा अंदाज शेवटी अनुभवानेच बांधावा लागतो.

कधी कधी आयोजक मुद्दाम मोह घालतात. २००१ च्या रॅलीत अलास्काच्या उत्तर टोकावरील प्रुडो बे या ठिकाणाला भरघोस गुण होते. तेथे नेणारा डाल्टन महामार्ग ६६६ किलोमीटर लांबीचा असून त्याचा मोठा भाग खडीचा आहे. एवढे अंतर तोडून गेलेला स्वार वेळेत परतला तर बाजी त्याची. वाटेत टायर फाटला किंवा हवामान फिरले, तर सारेच गमावण्याची वेळ. आपल्या ताकदीचा खरा अंदाज कोणाला आहे, हे असा मोह पाहत असतो.

थांब्यांचे अंकगणित

नवख्या स्वाराला वाटते की, वेग वाढवला की अंतर लवकर संपेल. हिशेब मांडून पाहिला तर चित्र वेगळे दिसते. १६०० किलोमीटरच्या प्रवासात धावतानाचा वेग ताशी ९० किलोमीटर धरला, तर प्रत्यक्ष धावण्याचा वेळ सुमारे पावणेअठरा तास होतो. वाटेत पेट्रोलसाठी आठ थांबे घेतले आणि प्रत्येक थांबा २० मिनिटांचा झाला, तर २ तास ४० मिनिटे खर्ची पडतात. हेच थांबे प्रत्येकी ८ मिनिटांत उरकले, तर ९६ मिनिटे वाचतात. एवढाच वेळ केवळ वेगाने वाचवायचा झाल्यास ताशी ९० ऐवजी ९९ किलोमीटरने सतत धावावे लागेल. त्यात पेट्रोल अधिक जळते, टायर अधिक झिजतात, वाऱ्याचा मारा वाढतो आणि पोलिसांशी गाठ पडण्याचा संभव असतो तो वेगळाच.

म्हणूनच अनुभवी स्वार थांब्यांना शिस्त लावतात. पेट्रोलचा थांबा आणि जेवणाचा थांबा ते शक्यतो एकत्र करत नाहीत. पाकीट, कागद, पेन, चष्मा यांची जागा ठरलेली असते; अंधारातही हात तेथेच जातो. मूळ टाकीच्या जोडीला जादा टाकी बसवण्यास मुभा आहे. मात्र एकूण क्षमता साडेअकरा गॅलन, म्हणजे सुमारे ४३.५ लिटरच्या वर जाता कामा नये. लिटरला १८ किलोमीटर जाणाऱ्या मोटारसायकलीला एवढ्या पेट्रोलमध्ये जवळजवळ ७८० किलोमीटरचा पल्ला गाठता येतो.

अशा रीतीने वाचवलेली मिनिटे पुढे आणखी किलोमीटर कापण्यासाठी वापरायची, असे वाटणे साहजिक आहे. जाणते स्वार त्यातील मोठा वाटा झोपेसाठी राखून ठेवतात.

खरा प्रतिस्पर्धी : झोप

१९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची हातांची व डोळ्यांची सांगड रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी ढासळते आणि २४ तासांनंतर ती ०.१० टक्के मद्यांशाच्या पातळीला पोहोचते, असे त्यांना आढळले. भारतीय कायद्यानुसार वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के मद्यांश ही कमाल मर्यादा आहे. मद्याचा थेंबही न घेता केवळ जागरणाने माणूस ही मर्यादा ओलांडल्यासारखा वागू शकतो, असा याचा अर्थ.

त्याहून घातक असते ती क्षणिक डुलकी. ताशी १०० किलोमीटर वेगात वाहन सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ८० मीटरहून अधिक अंतर कोणाच्याही ताब्याविना कापले जाते. मोटारीतील माणसाभोवती निदान पत्र्याचे कवच असते. दुचाकीवर तेही नाही. मध्यरात्रीनंतर दोनपासून पहाटेपर्यंतचा काळ आणि भर दुपारनंतरचे दोन तास यांत शरीराची सतर्कता निसर्गतःच उतरते. निष्णात स्वार या वेळांशी झगडत बसत नाहीत; त्याच वेळा ते विश्रांतीसाठी राखतात.

अडचण अशी की, थकलेल्या माणसाला आपण किती थकलो आहोत हेच नीट कळत नाही. म्हणून आयर्न बट असोसिएशनने स्वारांसाठी संकलित केलेल्या सूचनांत थकव्याच्या खुणाच सांगून ठेवल्या आहेत. समोरून वाहन आले असता दिव्याचा झोत खाली घेण्याचे विसरणे, वेग स्थिर न राहणे, पेट्रोल येथे घ्यावे की पुढच्या पंपावर एवढी साधी गोष्टही ठरवता न येणे. यांतील एखादी खूण दिसली की थांबायचे, मग गुणतक्त्यावर आपण कितव्या क्रमांकावर आहोत याचा विचार करायचा नाही. उत्तेजक औषधे टाळावीत आणि कॉफीच्या आधारावर झोप पुढे ढकलू नये, हेही त्यात आवर्जून सांगितले आहे. रॅलीच्या नियमांतही विश्रांतीला गुण ठेवलेले असतात. एकाच ठिकाणच्या, ठरावीक तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन पावत्या दाखवल्या की ते गुण पदरात पडतात. झोपेला गुण देणारा असा दुसरा खेळ शोधूनही सापडणे कठीण.

हॉटेलची खोली प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही. मग विश्रांतिस्थळावरील बाकडे किंवा मोटारसायकलीशेजारची हिरवळ कामी येते. शिरस्त्राण डोक्यावर तसेच ठेवून, कानाशी गजर लावून घेतलेल्या या झोपेला स्वारांच्या परिभाषेत 'आयर्न बट मोटेल' असे गमतीचे नाव आहे.

देह आणि यंत्र

झोपेखालोखाल परीक्षा पाहतात ते ऊन, वारा आणि बैठक. महामार्गावरील वेगाला शिरस्त्राणातील वाऱ्याचा घोंघाट कानांना कायमची इजा करण्याइतका असतो. शिवाय तो सतत ऐकल्याने शीणही वाढतो. म्हणून कानांत बोळे घातल्याखेरीज जाणकार स्वार निघत नाहीत. उन्हाचा नियम तर सर्वसामान्य समजुतीच्या उलट आहे. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा वाढले की वारा शरीराला थंड करत नाही. उलट तापवतो आणि घाम वेगाने सुकवून पाणी शोषून घेतो. अशा वेळी जाकिटाची साखळी उघडण्याऐवजी बंद ठेवून, आत पाण्याने भिजवलेला सदरा घालणे हिताचे ठरते. विदर्भाच्या उन्हाळ्यात डोक्या-तोंडाला फडके गुंडाळून निघणाऱ्यांना हे शास्त्र वेगळे सांगायला नको. पाण्याचा थर्मास गाडीलाच बांधून त्याची नळी तोंडापर्यंत आणलेली असते. जड जेवण टाळून थोडे थोडे खाण्यावर भर असतो.

कंपनीने दिलेली गादी चार-पाच तासांत टोचू लागते, त्यामुळे अनेक जण आपल्या देहाच्या मापाने गादी बनवून घेतात. जाड शिवणीची सुती अंतर्वस्त्रेदेखील दोन दिवसांत कातडी सोलून काढू शकतात. यंत्राच्या बाबतीत एकच सूत्र आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी कोणताही नवा भाग बसवायचा नाही. दुरुस्ती, टायर, साखळी हे सारे आधीच उरकून, काही शे किलोमीटर चालवून पाहिलेले असावे. पंक्चर काढण्याचे साहित्य बरोबर असणे पुरेसे नाही. ते पावसात, अंधारात वापरता आले पाहिजे.

पावतीवर ठरणारा निकाल

एवढे सारे करूनही निकाल लागतो तो टेबलावर. प्रत्येक ठिकाणी स्वाराने आपला क्रमांक असलेला कापडी ध्वज किंवा टॉवेल छायाचित्रात दिसेल अशा रीतीने फोटो काढायचा असतो. वेळ, ओडोमीटरचा आकडा आणि ठिकाणाचा संकेतांक वहीत नोंदवायचा असतो. पूर्वी त्यासाठी पोलरॉइड कॅमेरा लागे, आता डिजिटल छायाचित्रे चालतात. चेकपॉइंटवर पोहोचल्यावर परीक्षकासमोर बसून एकेक नोंद तपासून घ्यावी लागते. आकडा चुकला, पावतीवरची वेळ जुळली नाही किंवा छायाचित्रात ध्वज आला नाही, की शेकडो किलोमीटरची मेहनत पाण्यात. रात्रभर धावून आलेल्या माणसाने स्वच्छ अक्षरात अचूक नोंदी ठेवायच्या, ही या खेळातील कदाचित सर्वांत क्रूर अट. थकव्याने बुद्धीवर किती मात केली आहे, याचे मोजमाप येथे आपोआप होते.

जो स्वार रॅली यशस्वीपणे पूर्ण करतो, त्याला संघटनेचा तीन अंकी सभासद क्रमांक मिळतो. स्वारांच्या जगात या क्रमांकाला पदकाची किंमत आहे. २०१९ मध्ये वेंडी क्रॉकेट यांनी ही रॅली जिंकली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. व्हॅन ब्युरेन भगिनींच्या प्रवासाला तेव्हा १०३ वर्षे झाली होती.

भारतीय रस्त्यांवर

भारतात 'रॅली' म्हटले की डोंगर-वाळवंटातील शर्यत आठवते. १९९९ मध्ये सुरू झालेली 'रेड दि हिमालय' किंवा १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून प्रथम निघालेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात होणारी डाकार रॅली ही त्याची उदाहरणे. सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला आणि २०२४ मध्ये हरिथ नोआ यांनी तेथे 'रॅली २' या गटात विजेतेपद पटकावले. तेथे वेगाला महत्त्व आहे. आयर्न बटचा पंथ निराळा.

या पंथात प्रवेश करण्यासाठी अमेरिकेला जावे लागत नाही. असोसिएशनच्या प्रमाणपत्रांपैकी प्राथमिक मानले जाणारे 'सॅडलसोर' हे २४ तासांत १००० मैलांसाठी आहे आणि किलोमीटर वापरणाऱ्या देशांसाठी त्याचे १६०० किलोमीटरचे रूप उपलब्ध आहे. पुढची पायरी 'बन बर्नर'ची, म्हणजे ३६ तासांत १५०० मैलांची. आणि तेच अंतर २४ तासांत कापल्यास 'बन बर्नर गोल्ड'. सॅडलसोर मिळवणारे भारतीय स्वार आता बरेच आहेत. पुण्याहून बेंगळुरूला जाऊन परत आले की १६०० किलोमीटरची भरती होते. पेट्रोलच्या पावत्या आणि नोंदवही हे सारे संघटनेकडे पाठवावे लागते. छाननीत उतरल्यासच प्रमाणपत्र मिळते.

मात्र अमेरिकेतील हिशेब येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने जुना घाटरस्ताच धरावा लागतो. अमेरिकेत तिन्हीसांजेला हरणे आडवी येतात. येथे गुरे, कुत्री आणि उलट दिशेने येणारी वाहने. सातारा-कोल्हापूर पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रीच्या अंधारात अचानक समोर उभ्या ठाकतात. अशा रस्त्यावर रात्रीचा वेग कमी ठेवणे आणि त्याची भरपाई वेगाऐवजी दिवसाच्या शिस्तीने करणे, हाच शहाणपणा.

या खेळावर आक्षेपही घेतले जातात आणि ते अनाठायी नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर पेंगुळलेला स्वार स्वतःबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालतो. लांब पल्ल्याच्या या प्रवासात स्वारांनी प्राण गमावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. रोख बक्षीस न ठेवणे, वेगाला गुण न देणे आणि विश्रांतीला गुण देणे, ही या धोक्यावरची व्यवस्था. पण मध्यरात्री एकाकी रस्त्यावर नियम पाळायचा की नाही, हे ठरवणारा तेथे स्वाराशिवाय दुसरा कोणी नसतो. एका प्रमाणपत्रासाठी किंवा थोड्याशा गुणांसाठी 'आणखी शंभर किलोमीटर' हा मोह तेथेच होतो. त्या क्षणी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणारा स्वारच सकाळी पुन्हा निघू शकतो.